डकोटा ढोल: एका टोल्यामागचं गणित

‘अमेरिकेतल्या मूळनिवासींचा ढोल हृदयाच्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला असतो, म्हणून तो आजार बरे करतो’ असे दावे समाजमाध्यमांवर सतत फिरतात. विश्रांती घेत असताना हृदयाचे मिनिटाला 60 ते 100 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला दोनहूनही कमी. सेकंदाला साधारण 20 कंपनांखालचा स्वर आपल्या कानाला ऐकूच येत नाही. ठोक्यांची लय वेगळी, कातड्याचा स्वर वेगळा. हे दावे करणारे डकोटा या मूळनिवासी लोकांचं म्हणणंही नीट ऐकत नाहीत.

मिनेसोटा, उत्तर व दक्षिण डकोटा आणि कॅनडातल्या मॅनिटोबात राहणारे डकोटा ढोलाला आपल्या लोकांच्या हृदयाचा ठोका मानतात. लाकूड देणारं झाड आणि कातडं देणारा प्राणी या दोघांचा जीव त्यात आहे, म्हणून तो नातलग. त्याला तंबाखू अर्पण करतात, त्याच्यावर काही ठेवत नाहीत, दारू पिऊन त्याच्याजवळ येत नाहीत. अमेरिकन सरकारने 1883 च्या नियमांनी मूळनिवासींची धार्मिक नृत्यं गुन्हा ठरवली. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा यायला 1978 उजाडलं. मिनेसोटातल्या मँकेटो इथे 26 डिसेंबर 1862 रोजी 38 डकोटांना एकाच वेळी फाशी दिली गेली. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दर सप्टेंबरात भरणाऱ्या मेळाव्यात हा ढोल घुमतो.

मला सर्वांत मोहवते ती वाजवण्याची रीत. मोठा ढोल आडवा ठेवून गायक त्याच्याभोवती गोल बसतात आणि सगळे एकदम टोला देतात. आता गोल पडद्याचं, म्हणजे ढोलावर ताणलेल्या कातड्याचं, गणित पाहू. सगळा पडदा एकदम वरखाली होतो, ते सर्वांत खालचं कंपन. त्याची वारंवारता 1 धरली तर पुढचं कंपन 1.59 ला येतं: मधोमध एक स्थिर रेषा, एक अर्धा भाग वर तेव्हा दुसरा खाली. त्यापुढे 2.14 (एकमेकींना छेदणाऱ्या दोन स्थिर रेषा, चार भाग आळीपाळीने वरखाली), मग 2.30. हे पूर्णांक नव्हेत, म्हणून साध्या पडद्यातून तंतुवाद्यासारखा स्वच्छ स्वर निघत नाही.

एकट्याने कडेकडे टोला दिला की 1.59 चं कंपनही जागं होतं. पण समोरासमोरच्या दोघांनी त्याच क्षणी, तेवढ्याच जोराने टोला दिला तर? या कंपनात एक बाजू खाली गेली की दुसरी वर जायला हवी. इथे दोन्ही खाली ढकलल्या जातात, आणि ते कंपन उठतच नाही. चौघे समान अंतरावर बसले तर 2.14 चंही तसंच. वादक वाढतील तशी अशी विभागलेली कंपनं गळत जातात आणि सगळा पडदा एकदम हलवणारा खर्ज वरचढ होतो. हे झालं आदर्श गणित. प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांच्या फरकानेही थोडी कंपनं निसटून राहतात, आणि आतली हवा गुणोत्तरंही बदलते.

हवा दमट झाली की कातडं पाणी शोषून सैलावतं. स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो: ताण एक चतुर्थांश झाला तर स्वर निम्म्यावर. मग ढोलाला ऊन किंवा शेक द्यावा लागतो. आपल्याकडे हलगी शेकतात ती याच कारणाने.