अहवाल हिरवा, वापरकर्ता ताटकळलेला

मोठ्या संस्थेच्या संगणक विभागाचा मासिक अहवाल उघडला की पहिल्याच पानावर बहुधा एक आकडा दिसतो: प्रोसेसरचा सरासरी वापर ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता शिल्लक आहे, काळजीचे कारण नाही. त्याच महिन्यात हेल्पडेस्ककडे मात्र तक्रारींची रीघ लागलेली असते. सिस्टीम स्लो आहे, स्क्रीन अडकते, नोंद सेव्ह होत नाही. मग बैठकीत दोन्ही बाजू एकमेकींना खोटे ठरवू पाहतात. गंमत अशी की दोघीही खरेच बोलत असतात.

४५ टक्के ही महिन्याची सरासरी आहे. तिच्यात मध्यरात्रीचे रिकामे तास आहेत, सुटीचे दिवस आहेत आणि महिनाअखेरची ती दुपारही आहे, जेव्हा वापर तासभर ९८ टक्क्यांवर चिकटून होता. तक्रार करणारा माणूस नेमका त्या तासात कामाला बसलेला होता. महिन्याच्या सरासरीत कोणीच काम करत नसते.

मोजण्याचा कालावधी महिन्यावरून १५ मिनिटांवर आणला तर चित्र सुधारते, पण प्रश्न अर्धाच सुटतो. वापराची टक्केवारी यंत्र किती राबते ते सांगते; माणूस किती थांबतो ते सांगत नाही. थांबणे रांगेत घडते, आणि रांग टक्केवारीच्या प्रमाणात वाढत नाही.

हे गणित संगणकाहून जुने आहे. आग्नर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होता. फोन करणाऱ्यांना फार ताटकळावे लागू नये यासाठी किती लाइन लागतील, हा त्याच्यापुढचा व्यवहारी प्रश्न होता. १९०९ मध्ये त्याने या विषयावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये आजही वापरात असलेली सूत्रे मांडली. त्यांचे सर्वांत साधे रूप असे: कामे उरकणारे यंत्र, म्हणजे सर्व्हर, एकच आहे, कामे कधीही येतात, काही छोटी असतात, काही मोठी. रांग नसेल तेव्हा एका कामाला सरासरी १ सेकंद लागतो. वापर ५० टक्के असताना तेच काम रांगेसकट सरासरी २ सेकंदांत होते. ८० टक्क्यांना ५ सेकंद, ९० टक्क्यांना १० आणि ९५ टक्क्यांना २० सेकंद लागतात. ९९ टक्क्यांना हा आकडा १०० वर जातो. ५० वरून ८० पर्यंतच्या प्रवासात ३ सेकंद वाढले. ९० ते ९५ या पाच टक्क्यांतच १० वाढले. म्हणून ‘गेल्या महिन्यापेक्षा वापर फक्त ५ टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य कुठून कुठे वाढला हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

खऱ्या यंत्रणा इतक्या साध्या नसतात. एकाच रांगेतून १० प्रोसेसर काम उचलत असतील, तर ९० टक्के वापरालाही तेच काम साधारण १.७ सेकंदांत होते. मोठ्या यंत्रणा जास्त भार सहन करतात ते यामुळे. पण त्यांची धोक्याची रेषा १०० टक्क्यांच्या अगदी जवळ सरकलेली असते, आणि ती ओलांडली की सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे एक सूत्र आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केले. स्थिर चाललेल्या कोणत्याही यंत्रणेत, आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारी कामे गुणिले प्रत्येक काम आत घालवत असलेला वेळ. बस, एवढेच. सेकंदाला २०० विनंत्या, म्हणजे कामे, येतात आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो, तर कोणत्याही क्षणी सरासरी १०० विनंत्या आत असायला हव्यात. अहवालात हे दोन आकडे आणि सोबत ‘चालू विनंत्या सरासरी ४००’ असे लिहिलेले असेल, तर तिन्हींपैकी निदान एक आकडा चुकीचा आहे किंवा वेगळ्याच ठिकाणी मोजलेला आहे. मला हे सूत्र आवडते ते त्यासाठीच. कुणाच्याही परवानगीशिवाय, कागदावरच्या गुणाकाराने अहवालाची उलटतपासणी करता येते.

आता थांबण्याचा वेळ मोजायचे ठरवले, तर सरासरी पुन्हा आडवी येते. समजा १,००० व्यवहार झाले. ९४० व्यवहारांना ०.२ सेकंद लागला आणि ६० व्यवहारांना १२ सेकंद. सरासरी येते ०.९ सेकंद. ‘प्रतिसाद एका सेकंदाच्या आत’ असे लिहून मोकळे होता येते. प्रत्यक्षात ०.९ सेकंदाचा अनुभव कोणालाच आलेला नाही. म्हणून जाणकार पर्सेंटाइल मागतात. ९५ वे पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के व्यवहार ज्या वेळेच्या आत उरकले ती वेळ. वरच्या उदाहरणात ती १२ सेकंद आहे, आणि हेल्पडेस्कचा फोन का वाजतो ते त्यातून कळते.

पर्सेंटाइलचीही एक खोड आहे. दहा सर्व्हरांची ९५ वी पर्सेंटाइल घेऊन त्यांची सरासरी काढली, की जो आकडा मिळतो त्याला काही अर्थ नसतो. तरीही अनेक डॅशबोर्ड तो खुशाल काढून दाखवतात. योग्य मार्ग म्हणजे किती व्यवहार कोणत्या वेळेच्या टप्प्यात बसले याची मोजदाद सर्व सर्व्हरांवरून एकत्र करायची आणि मग पर्सेंटाइल काढायचे.

आणि शेवटच्या एका टक्क्याला क्षुल्लक समजू नये. गूगलचे जेफ्री डीन आणि लुईस आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये दिलेला हिशेब प्रसिद्ध आहे. एका सर्व्हरला १०० पैकी एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो असे धरा. एक स्क्रीन भरायला अशा १०० सर्व्हरांचे उत्तर लागत असेल, तर १०० पैकी ६३ वेळा ती स्क्रीन एका सेकंदापेक्षा उशिरा भरेल. प्रत्येक सर्व्हरचा अहवाल ९९ टक्के उत्तम, आणि बहुतेक वापरकर्ते खोळंबलेले.

मोजणीतले आणखी दोन सापळे इतके सर्रास दिसतात की त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. डेटाबेस बंद पडला की एरर संदेश काही मिलिसेकंदांत परत येतो. अयशस्वी विनंत्याही मोजणीत धरल्या असतील, तर यंत्रणा कोसळत असताना सरासरी प्रतिसादकाळ सुधारताना दिसतो! दुसरा सापळा सॉफ्टवेअर अभियंते गिल टेने यांनी लोकांच्या नजरेस आणला. तपासणी करणारा प्रोग्रॅम दर सेकंदाला एक विनंती पाठवतो, पण आधीच्या विनंतीचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवतो. यंत्रणा मिनिटभर गोठली तर ज्या ६० विनंत्यांना वाट पाहावी लागली असती, त्यांच्याजागी एकच वाईट नोंद होते. उरलेल्या कधी पाठवल्याच जात नाहीत.

मोठ्या संस्थांमधली ही शिस्त मेनफ्रेमच्या, म्हणजे अशा संस्थांचा सारा व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या, जगात वाढली. आयबीएमच्या ओएस/३६० या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एसएमएफ नावाची नोंदयंत्रणा आली. कोणत्या कामाने यंत्राचा किती वेळ खाल्ला याचा हिशेब तिच्यातून मिळे आणि त्यावर विभागांना खर्च वाटून देता येई. आजही मेनफ्रेमवर क्रमांक ३० ची नोंद एकेका कामाची असते आणि ७० ची प्रोसेसरची. हिशेबासाठी ठेवलेल्या नोंदी कामगिरी समजून घ्यायलाही वापरल्या जाऊ लागल्या. १९९४ मध्ये आयबीएमने वर्कलोड मॅनेजर आणला तेव्हा एक पाऊल पुढे पडले. अमुक कामाला इतका प्रोसेसर द्या असे सांगण्याऐवजी ‘या प्रकारचे ९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात झाले पाहिजेत, आणि याचे महत्त्व १’ असे उद्दिष्ट द्यायचे. साधने कशी वाटायची ते यंत्रणा ठरवते. महत्त्व ठरवणाऱ्या पायऱ्या १ ते ५, त्यांत १ सर्वांत वरची. उद्दिष्ट किती गाठले याचा निर्देशांक १ च्या वर गेला, की उद्दिष्ट हुकले. यामुळेच मेनफ्रेम १०० टक्क्यांच्या जवळ चालूनही समोर बसलेल्या माणसाला जाणवत नाही, कारण थांबायचे असते ते रात्री उशिरापर्यंत चालले तरी बिघडत नाही अशा कामाने. इथे १०० टक्के वापर ही चांगली बातमी असू शकते.

उद्दिष्ट करारात शिरले की मात्र प्रकरण नाजूक होते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. फरक दिसतो एका ९ चा, खर्चात पडतो कितीतरी पटींचा. शिवाय ‘नियोजित देखभाल वगळून’ अशी ओळ खाली बारीक अक्षरांत असतेच. अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या आरोग्यविमा घेण्याच्या सरकारी संकेतस्थळाचे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालेले हे संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून कोलमडले. दुरुस्तीनंतर १ डिसेंबरच्या सरकारी अहवालात सांगितले गेले, की सरासरी प्रतिसादकाळ ८ सेकंदांवरून १ सेकंदाच्या खाली आला आहे आणि संकेतस्थळ ९० टक्क्यांहून जास्त वेळ सुरू राहते, नियोजित देखभालीचे तास वगळून. सुधारणा खरी होती. पण मधल्या काळात देखभालीसाठी रात्रीचे तास बाजूला काढले जात होते, आणि त्या तासांत आलेल्या माणसासाठी संकेतस्थळ बंदच होते.

या व्यवसायात अशा अहवालांना कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवे आणि आतून लाल. ते बहुतेकदा लबाडीतून जन्मत नाहीत. सर्व्हरची टीम सर्व्हर मोजते, नेटवर्कची टीम नेटवर्क, डेटाबेसवाले डेटाबेस. प्रत्येकाचा रकाना हिरवा येतो. वापरकर्त्याने बटण दाबल्यापासून उत्तर दिसेपर्यंतचा वेळ कोणाच्याच रकान्यात नसतो. त्यातून बढती किंवा दंड त्या आकड्याशी बांधला, की अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ओळखलेली गोष्ट घडते: नियंत्रणासाठी धरलेले माप विश्वासाचे राहत नाही.

वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात आलेखांची गर्दी करण्यात मला अर्थ दिसत नाही. संस्थेच्या चार-पाच मुख्य कामांचा गर्दीच्या तासातला प्रतिसादकाळ, अयशस्वी व्यवहार वेगळे काढून, आणि किती लोकांना त्याचा त्रास झाला, एवढे पुरते. तांत्रिक तपशील तंत्रज्ञांसाठी वेगळा ठेवावा.

पुढच्या वर्षाचा अंदाज बांधताना प्रोसेसरच्या टक्केवारीवरून सरळ रेषा पुढे ओढण्याची सवय फार जुनी आहे, आणि वर सांगितलेल्या रांगेच्या गणितामुळे ती फसते. त्याऐवजी दर व्यवहारामागे प्रोसेसरचा किती वेळ लागतो हे महिन्यामागून महिना पाहावे. मग व्यवसाय किती वाढणार हे व्यवसाय सांभाळणाऱ्यांना विचारावे आणि गुणाकार करावा. व्यवहार तेवढेच राहिले आणि दर व्यवहारामागचा वेळ अचानक वाढला, तर नवे यंत्र मागवण्याआधी सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत काय बदलले ते विचारावे.