दिसणं वेगळं, सांगणं वेगळं: ऑस्ट्रेलियाच्या पडद्यावरचे ॲबोरिजिनल

१९५५ साली ‘जेड्डा’ आला. ऑस्ट्रेलियात बनलेला पहिला रंगीत कथापट, आणि दोन्ही मुख्य भूमिकांत ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांतले कलावंत: रोझली कुनोथ आणि रॉबर्ट टुडावाली. सिनेमा थेट फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पोचला. (आपल्याकडे ‘आदिवासी’ असं भाषांतर करून मोकळे होतात. पण तो शब्द वाचला की डोळ्यांपुढे पालघर-नंदुरबार येतं, म्हणून मी ॲबोरिजिनलच लिहितोय.)

आता गोष्ट बघा. गोऱ्यांच्या घरात वाढलेली मुलगी एका ‘रानटी’ पुरुषाकडे ओढली जाते आणि शेवटी दोघंही कड्यावरून कोसळून मरतात. गोष्ट रचणारे गोरे, कॅमेरा गोऱ्यांचा. पोस्टरवर रोझली यांचं नाव ‘न्गार्ला’, तेही निर्मात्यांनीच ठेवलेलं.

घोळ होतो तो इथेच. पडद्यावर दिसणं आणि पडद्यावरून सांगणं या दोन गोष्टींना आपण एकाच ‘प्रतिनिधित्व’ नावाच्या पिशवीत कोंबतो. दिसणं मोजता येतं. २०११ ते २०१५ या काळातल्या ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिकांतली सुमारे ५ टक्के मुख्य पात्रं मूळ रहिवासी समाजांतली होती आणि लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा उत्तम. पण त्या पात्रांच्या तोंडी वाक्यं कुणी घातली, हे त्यातून कळत नाही.

दिसण्याला कमी लेखायचं कारण नाही, कारण एके काळी तेही नशिबात नव्हतं. १९७२च्या ‘बोनी’ मालिकेतला ॲबोरिजिनल रक्ताचा डिटेक्टिव्ह साकारला होता न्यूझीलंडच्या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला काळपट रंग फासून. आपल्या जुन्या हिंदी सिनेमातल्या पिसांच्या टोपांच्या ‘झिंगालाला’ नाचांना हसणाऱ्यांनी हेही बघून ठेवावं.

ॲबोरिजिनल नट डेव्हिड गुलपिलिल यांच्या कारकिर्दीत या दोन टोकांमधलं अंतर सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९७१च्या ‘वॉकअबाउट’पासून जग त्यांचा चेहरा ओळखत होतं. पण इतरांनी रचलेल्या गोष्टींत. पुढे एकदा त्यांनी दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांच्यापुढे एक जुना फोटो ठेवला. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी १९३०च्या दशकात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये काढलेला: दलदलीच्या पाण्यात झाडाच्या सालीच्या होड्या आणि त्यांत उभी माणसं. आपल्याला दहा होड्या लागतील, असं गुलपिलिल म्हणाले. त्यातून २००६चा ‘टेन कनूज’ उभा राहिला.

इथे सह-दिग्दर्शक पीटर जिगिर आर्नहेम लँडमधल्या त्या गावचेच. संवाद तिथल्याच भाषांत. भूमिका कुणाला द्यायच्या हेही एकट्या दिग्दर्शकाच्या हातात नव्हतं, कारण पडद्यावरचं नातं गावातल्या नात्यागोत्याच्या नियमांत बसायला हवं. आणि रंगांची गंमत पाहा. थॉमसन यांचे फोटो कृष्णधवल, म्हणून सिनेमातली त्या काळातली पाखरांची अंडी गोळा करायची मोहीम कृष्णधवल. त्याच्याही आधीची, पूर्वजांच्या काळातली गोष्ट मात्र झगझगीत रंगांत! आपल्याला जुनं म्हणजे काळं-पांढरं ही सवय. इथे सगळ्यात जुनं तेच सगळ्यात ताजं.

म्हणजे गोरा दिग्दर्शक असला तरी सांगणं गावाचं असू शकतं. उलटंही खरं. केवळ ॲबोरिजिनल आहे म्हणून कुणी आपोआप चांगला सिनेमा काढेल हा भाबडेपणा झाला, हे ॲबोरिजिनल विदुषी मार्सिया लँग्टन यांनी १९९३मध्येच बजावून ठेवलंय.

मालकीनेही काम भागत नाही. उपग्रहावरून बाहेरचा टीव्ही आपल्या वस्त्यांत घुसणार, भाषा बुडणार, या धास्तीने मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या ‘कामा’ या ॲबोरिजिनल माध्यमसंस्थेने परवान्यासाठी झगडून १९८८मध्ये ‘इम्पार्जा’ वाहिनी सुरू केली. मालक ॲबोरिजिनल, नावही तिथल्या अरेन्टे भाषेतलं. पण वाहिनी चालवायला पैसा लागतो, त्यामुळे बहुतेक वेळ व्यापारी नेटवर्कच्याच मालिका आणि खेळ. सांगण्यासाठी वेगळं घर मिळायला पुढे बराच वेळ गेला. २००७मध्ये एनआयटीव्ही ही मूळ रहिवाशांची राष्ट्रीय वाहिनी आली आणि २०१२च्या डिसेंबरात ती देशभर मोफत दिसू लागली.

‘कामा’चं खरं पीक मात्र दुसरीकडेच आलं. तिथे कॅमेरा शिकलेला एक मुलगा, संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रेडा ग्लिन यांचा मुलगा वॉरिक थॉर्नटन, २००९मध्ये ‘सॅमसन अँड डिलायला’ घेऊन कानला गेला आणि पहिल्या चित्रपटासाठीचं ‘कॅमेरा द’ऑर’ घेऊन आला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण सगळं त्याचंच. सिनेमातला सॅमसन नशेसाठी पेट्रोल हुंगतो, मार खातो, मार देतो. बाहेरच्याने हे दाखवलं असतं तर बदनामी वाटली असती. इथे ती आपल्या पोरांची काळजी वाटते. दोघांत संवाद जवळजवळ नाहीत. डिलायला आवडते हे सांगायला सॅमसन तिला दगड मारतो. त्याचा अर्थ प्रेक्षकाला कुणी समजावत बसत नाही.