सरासरी गाठली, पण खंड पडला

मे महिन्यात लातूरला ताईकडे गेलो होतो. माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत भाच्याचा कॉम्प्युटर. पोटाला चिमटा घेऊन 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला, पण तोंड उतरलेलं. "मामा, एवढा पैसा घातला तरी गेम अटकूलालाय बघा."

आधी विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघडली. रिफ्रेश रेटचा आकडा होता 60. मॉनिटर 144 चा जोडला तरी विंडोज पुष्कळदा 60 वरच राहतं, आपण जाऊन बदलावं लागतं. तीन महिने हा पोरगा 144 चे पैसे मोजून 60 बघत होता! आकडा बदलला, तसा तुटक-तुटक हलणारा माऊसचा बाण सलग सरकायला लागला. गेम मात्र अटकायचा तसाच अटकत राहिला.

कारण मॉनिटर चित्र तयार करत नाही, तयार झालेलं दाखवतो. तो सेकंदाला किती वेळा पडदा नव्याने रंगवतो, तो रिफ्रेश रेट, हर्ट्झमध्ये मोजलेला. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतं, तो फ्रेम रेट. 60 हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे स्टँडवरून दर 16.7 मिलिसेकंदाला सुटणारी एसटी. चित्र तयार व्हायला 22 मिलिसेकंद लागले तर गाडी गेलेली, आता 33.3 च्या गाडीची वाट बघायची. म्हणून व्ही-सिंक (चित्र गाडीच्या वेळेलाच सोडायची सेटिंग) चालू असलं आणि बफर (चित्र तयार करून ठेवायच्या जागा) दोनच असले, तर 45 फ्रेम काढायची ताकद असलेलं कार्डसुद्धा 30 वर येऊन बसतं. व्ही-सिंक बंद केलं तर चित्र चालत्या गाडीत उडी मारतं. वर जुनं, खाली नवं आणि मधे फाटल्यासारखी रेघ. यालाच टेअरिंग म्हणतात.

यावरचा तोडगा आपल्याकडच्या काळी-पिवळीसारखा आहे: सीट भरलं की गाडी हलणार. 2013 मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने जी-सिंक आणलं, मागोमाग तिची स्पर्धक एएमडीचं फ्रीसिंक आलं. यात मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. अर्थात, थांबण्यालाही मर्यादा असते. बऱ्याच मॉनिटरवर ती 48 हर्ट्झच्या आसपास. फ्रेम त्याखाली गेल्या तर तेच चित्र दोनदा दाखवून निभावून नेतात, 40 फ्रेमला 80 हर्ट्झ.

भाच्याच्या मॉनिटरला हेही होतं. शिवाय गेमच्या कोपऱ्यातला फ्रेम रेटचा आकडा म्हणत होता 60. "साठ तर येऊलालेत की मामा!"

सरासरीचा हा खेळ मराठवाड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. चार महिन्यांच्या पावसाची सरासरी कागदावर बरोब्बर गाठलेली असते, पण शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे खंड पडला की सोयाबीन हातचं जातं. इथेही तेच. एका सेकंदातल्या 59 फ्रेम प्रत्येकी सव्वापंधरा मिलिसेकंदात आल्या आणि साठाव्या फ्रेमला 100 मिलिसेकंद लागले, तरी सरासरी साठच. डोळ्याला मात्र तो 100 चा खंडच टोचतो. म्हणून जाणकार सरासरी सोडून फ्रेम टाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघतात.

"डोळ्याला 24 च्या वर दिसतच नाही" असं ठासून सांगणारा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतो. सिनेमा 24 फ्रेमचा असतो, हे खरं. पण फिल्मच्या प्रोजेक्टरची झडप एकेक चित्र दोन-तीनदा दाखवायची, आणि कॅमेऱ्यातला हलतेपणाचा धूसरपणा फटी बुजवतो. शिवाय सिनेमा बघताना आपल्या हातात माऊस नसतो. आपण हात हलवला आणि चित्र मागे राहिलं, हे तिथे घडतच नाही.

भाच्याचा आलेख लावला. पहिली वीस मिनिटं रेघ सरळ, मग बाभळीसारखे काटे. दुपारचे तीन वाजलेले. पंखा खोलीतलीच हवा चिपवर मारतो, त्यामुळे चिप खोलीपेक्षा जेवढे अंश गरम असते तो फरक साधारण तेवढाच राहतो. 25 अंशांच्या खोलीत 75 वर राहणारी चिप पत्र्याखालच्या 42 अंशांत 92 वर जाते. तिथे ती जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करते. कॅबिनेट उघडलं तर जाळीवर काळ्या मातीच्या धुळीचा अक्षरशः थर. कूलर शेजारीच होता, पण कोरडा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात कॉम्प्युटरसाठी कूलर भर म्हणायला माझी जीभ रेटेना.

जाळी झाडली, कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि फ्रेमची कमाल मर्यादा 55 वर बांधली. काम कमी, म्हणून ऊब कमी. अर्ध्या तासाने काटे जवळपास गेले होते.

"मामा, आकडा तर कमी झाला की."

"खेळून बघ."

खाली ताईने जेवायला दोनदा हाक मारली. त्याला ऐकूच गेली नाही.