आधी आधार-बँक तपासा, मग शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला या

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आमच्या फॉर्म भरून देण्याच्या केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न रोज येतो: “गेल्या वर्षी महाडीबीटीचा फॉर्म भरला, मंजूरही झाला, मग पैसे का आले नाहीत?” महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल. या प्रश्नाचं उत्तर दहा जणांना उभ्या-उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद. घरी नेऊन सावकाश वाचा.

प्रवेश वेगळा, शिष्यवृत्ती वेगळी

कॅप राउंडमध्ये (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत) जागा मिळाली की अनेक पालकांना वाटतं, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला तिथे जोडलाच आहे, आता शिष्यवृत्ती आपोआप लागेल. तसं होत नाही. कॅप चालवणाऱ्या सीईटी सेलच्या पोर्टलवर भरलेलं महाडीबीटीला आपोआप जात नाही. तिथे वेगळं लॉगिन, वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत असते.

कॅपमध्ये जागा लागल्यावर ती दिलेल्या मुदतीत लॉगिन करून स्वीकारायची असते आणि एक हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरायची असते. पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच कायम राहते. बेटरमेंट, म्हणजे वरच्या पसंतीसाठी थांबण्याचा पर्याय, निवडला असेल तर पुढच्या फेरीत कॉलेज बदलू शकतं, म्हणून प्रवेश पक्का होऊन कॉलेजची पावती हातात येईपर्यंत महाडीबीटीवर अर्ज सबमिट करू नका. आधीच्या कॉलेजच्या नावाने गेलेला अर्ज नंतर रद्द करून पुन्हा भरावा लागतो, आणि त्या भानगडीत मुदत निघून जाते.

आणखी एक गोष्ट जागा स्वीकारण्याआधी ऐका. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला, म्हणजे बोलीभाषेत ईबीसीला, व्यावसायिक अभ्यासक्रमात कॅपमधूनच प्रवेश झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजकडून, घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. “ब्रँच चांगली मिळतेय” म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकडे वळणाऱ्यांनी आधी चार वर्षांच्या फीचा हिशेब कागदावर मांडावा. ब्रँचचा निर्णय तुमचाच, पण तो फी माहीत असून व्हावा.

“आधार लिंक आहे” याचे दोन अर्थ

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पासबुक दाखवून “बँकेत आधार दिलंय की” असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही असतं. खातं उघडताना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार घेतलं जातंच. पण सरकारी पैसे यायला तेवढं पुरत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम खाते क्रमांकावर जात नाही, ती आधार क्रमांकावर जाते. तुमचा आधार क्रमांक सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची नोंद एनपीसीआयच्या (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक यादीत, असते. तिथे ज्या बँकेचं नाव असेल, पैसे त्याच बँकेत जातात. तिथे कुठलीच बँक नसेल तर पैसे निघतात आणि परत फिरतात. या नोंदीला सीडिंग म्हणतात. केवायसी म्हणजे सीडिंग नव्हे.

मॅपरमध्ये एका आधारला एका वेळी एकच बँक असते. सीडिंगची संमती सगळ्यात शेवटी ज्या बँकेत दिली, तिची नोंद राहते आणि आधीची आपोआप जाते. मुलांचा घोळ होतो तो इथेच. कॉलेजच्या गावी गेल्यावर मोबाईलवरून पाच मिनिटांत एखादं पेमेंट बँकेचं किंवा झिरो बॅलन्सचं खातं उघडलं जातं, अटी न वाचता संमतीच्या चौकोनावर टिक पडते, आणि सीडिंग तिकडे सरकतं. पालक मात्र गावातल्या जुन्या पासबुकावर एंट्री मारत बसतात. पैसे आलेले असतात, पण कुणी ते ॲप उघडूनच पाहत नाही.

हे तपासायला आमच्याकडेच यायला हवं असं नाही. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द दिसला पाहिजे आणि बँक तुमच्या वापरातली असली पाहिजे. ‘इनॲक्टिव्ह’ असेल किंवा भलत्याच बँकेचं नाव असेल, तर ज्या बँकेत पैसे हवे आहेत त्या शाखेत विद्यार्थ्याने स्वतः जावं.

शाखेत “आधार लिंक करा” एवढंच म्हणू नका. त्यावर केवायसी पाहून “झालंय” म्हणून परत पाठवलं जातं. “डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा संमती फॉर्म द्या” असं म्हणा. डीबीटी म्हणजे खात्यात थेट येणारे सरकारी पैसे. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर ते आपल्या बँकेत हलवण्याचा पर्याय त्याच फॉर्मवर असतो. तिथे टिक करून जुन्या बँकेचं नाव लिहा. ही ओळ कोरी राहिली तर काम अडकून पडतं. फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या, तीन-चार दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा.

खातं कोणत्या प्रकारचं आहे तेही विचारून घ्या. पूर्ण केवायसी न झालेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये एका वेळी 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापर्यंतच रक्कम जमा होते. अठरा वर्षांच्या आत असताना पालकांसोबत उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते विद्यार्थ्याच्या सहीचं करून घ्या.

आम्ही परत का पाठवतो

सीडिंग ॲक्टिव्ह दिसल्याशिवाय आम्ही फॉर्म भरायला घेत नाही. काहींना राग येतो, शेजारच्या दुकानात लगेच भरून देतात असंही ऐकवतात. फॉर्म भरून द्यायला आम्हालाही अर्धा तासच लागतो आणि पैसेही मिळतात. पण पुढे तोच अर्ज अडकला तर विद्यार्थ्याची फी थकते, कॉलेज परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी अडवतं, आणि मग डिसेंबरमध्ये सुट्टी टाकून तुम्हालाच यावं लागतं. म्हणून स्टेटसची प्रिंट आधी, फॉर्म नंतर. ही तपासणी आम्ही फुकट करतो.

तसंच ओटीपी आम्ही फोनवर घेत नाही. विद्यार्थी आधारला जोडलेला मोबाईल घेऊन समोर हवा. तो नंबर बंद पडला असेल तर तो बदलणं आमच्या हातात नाही. आधार केंद्रात किंवा ही सेवा देणाऱ्या पोस्टात जाऊन तो बदलता येतो. युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या वहीत तुम्हीच लिहून ठेवायचा, आम्ही जपून ठेवत नाही. पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या नावाने नवीन प्रोफाइल मात्र काढू नका. एकाच मुलाच्या दोन प्रोफाइल झाल्या की नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षीचा अर्ज सापडत नाही.

फॉर्म भरताना

शाहू महाराज योजना पोर्टलवर एकाच नावाने अनेक विभागांखाली दिसते: उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी. बीएस्सीच्या विद्यार्थ्याने तंत्रशिक्षणाखाली अर्ज केला तर तो बाद होतो. कोर्स ज्या संचालनालयाचा, त्याच विभागाची योजना निवडा. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे आणि दाखला तहसीलदारांचा लागतो, पगाराची स्लिप चालत नाही. दाखल्यासाठी किमान पंधरा दिवस हातात ठेवा, कारण त्या दिवसांत तहसीलमध्ये सगळा तालुका रांगेत असतो. ही योजना कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरतीच आहे, त्यासाठी रेशनकार्डाची प्रत आणा.

मुलींच्या पालकांसाठी: 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ झालं. प्रवेश कॅपमधूनच हवा. पण “मुलींना सगळं फ्री” हे खरं नाही. होस्टेल, मेस आणि इतर किरकोळ शुल्क यात नाही, आणि माफी असली तरी महाडीबीटीचा अर्ज भरावाच लागतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफीची योजना, पाहायची. मुलगा होस्टेलला राहत असेल आणि पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज त्याच लॉगिनमधून करता येतो. पालक हे बहुधा विचारत नाहीत, म्हणून आम्हीच आठवण करतो.

स्कॅन केलेली प्रत्येक फाइल 15 ते 256 केबीमध्ये बसावी लागते. मोबाईलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो आणि दाबून लहान केला की दाखल्यावरचा बारकोड पुसट होतो. क्लार्कला तो वाचता आला नाही तर अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. म्हणून मूळ कागदच आणा, आम्ही स्कॅनरवर नीट घेतो.

सबमिट झाल्यावर

पावतीवर अर्जाचा आयडी येतो. प्रिंट आणि कागदपत्रं कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. आधी कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य, मग संबंधित विभागाचे अधिकारी असा तो पुढे सरकतो. कॉलेजच्या टेबलावर अर्ज पडून असेल तर बाहेरचं कुणीच काही करू शकत नाही, विद्यार्थ्यानेच विचारायला जायचं. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर शेरा वाचून तेवढीच दुरुस्ती करा आणि मुदतीत परत पाठवा.

रक्कम मंजूर झाल्यावर लॉगिनमध्ये ‘रिडीम’चा पर्याय दिसला तर ते व्हाउचर विद्यार्थ्याने स्वतः रिडीम करायचं, म्हणजे मंजूर रक्कम खात्यात मागवून घ्यायची असते. मंजूर झालेलं व्हाउचर महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलेली लॉगिन आम्ही दर वर्षी उघडतो. हप्ते दोन असतील तर दोन्ही वेळा पाहा. फीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली तर कॉलेजचा वाटा कॉलेजला भरून पावती घ्या, पुढच्या वर्षी ती लागते. आणि नूतनीकरण दर वर्षी करायचं असतं, पहिल्या वर्षीचा अर्ज चारही वर्षं चालत नाही.

आमच्याकडून फॉर्म भरलेल्यांचं ‘सेंड बॅक’ दुरुस्त करून देण्याचे आणि रिडीम करून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. बाकीचे दर काउंटरवर लावले आहेत.

येताना विद्यार्थी स्वतः, आधारला जोडलेला चालू मोबाईल, पासबुक, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फी पावती, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं, रहिवासी, उत्पन्न, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअर दाखला, रेशनकार्ड, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शेवटच्या तीन दिवसांत पोर्टल फार हळू चालतं, ओटीपी यायला तास-तास लागतो. कॉलेजची पावती मिळाल्यावर त्याच आठवड्यात या.