डीआरएल आणि आलिशान मोटारींचे हेडलाइट

डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे रोजच्या बोलण्यातले डीआरएल, हे मोटारीच्या पुढच्या बाजूचे पांढरे दिवे होत. गाडी सुरू झाली की ते आपोआप लागतात आणि हेडलाइट लावले की विझतात किंवा मंदावतात. चालकाला रस्ता दाखवणे हे त्यांचे काम नव्हे. इतरांना गाडी लांबून दिसावी, एवढ्यासाठीच ते असतात. महागड्या गाड्यांत मात्र गाडी कोणत्या घराण्याची हे सांगण्याचे आणखी एक काम त्यांच्याकडे आले. आज खरेदीदार डीआरएलबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा याच कामाबद्दल बोलत असतो.

मुळात ही गरज उत्तर युरोपातली. तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजालगत रेंगाळतो, सावल्या लांबतात आणि करड्या रस्त्यावरची करडी गाडी दिसतच नाही. फिनलंडने 1972 मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरते दिवसा दिवे लावणे सक्तीचे केले. स्वीडनने 1977 मध्ये ही सक्ती वर्षभरासाठी आणली. पुढे नॉर्वे आणि डेन्मार्क त्याच वाटेने गेले. कॅनडात 1 डिसेंबर 1989 नंतर बनलेल्या नव्या मोटारींना असे दिवे लागू झाले, तर युरोपीय संघात 7 फेब्रुवारी 2011 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना स्वतंत्र डीआरएल बंधनकारक झाले.

स्वतंत्र दिवाच का, याचे कारण साधे आहे. तार तापून उजळणाऱ्या हॅलोजनचा एक डिपर (खाली झुकलेल्या झोताचा) बल्ब 55 वॅटचा. असे दोन बल्ब, शिवाय मागचे दिवे, दिवसभर जळत राहिले तर इंधन खर्च होते आणि बल्बही लवकर जातात. एलईडीला हेच काम थोड्या वॅटमध्ये जमते. संयुक्त राष्ट्रांच्या 87 क्रमांकाच्या नियमानुसार डीआरएलची तीव्रता 400 ते 1200 कँडेला असावी लागते, म्हणजे दिवसा दिसेल पण डोळे दिपणार नाहीत इतकी. उत्तर अमेरिकेत याबाबत ढिलाई होती. तिथे मंद केलेला हाय बीम, म्हणजे अप्परच, डीआरएल म्हणून चाले, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांवर तो येतो अशी तक्रार कायम राहिली.

या दिव्यांची एक उणीव गाडीच्या किमतीने भरून निघत नाही. डीआरएल पुढे लागले तरी मागचे लाल दिवे लागतीलच असे नाही. धुक्यात, पावसात किंवा बोगद्यात पुढे उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, आणि चालकाला वाटते की दिवे चालू आहेत. मागून येणाऱ्याला मात्र ती गाडी दिसत नाही. आपोआप लागणारे हेडलाइट असले तरी धुक्यातल्या पांढऱ्या उजेडात त्यांचा सेन्सर फसू शकतो.

दिव्यांवरून गाडी ओळखण्याचा आजचा नाद बीएमडब्ल्यूने वाढवला. 2000 मध्ये सुधारित 5 सिरीजच्या हेडलाइटभोवती उजळणारी वर्तुळे आली. सुरुवातीला ते पार्किंग लाइटच होते, डीआरएलची भूमिका नंतर आली. ऑडीने 2004 च्या ए8 डब्ल्यू12 मध्ये एलईडीचे डीआरएल दिले आणि काही वर्षांत एलईडीची ओळ ही ऑडीची सहीच झाली. व्होल्व्होच्या दुसऱ्या पिढीच्या एक्ससी90 मध्ये डीआरएलला आडव्या टी अक्षराचा आकार मिळाला. कंपनी त्याला थॉरचा हातोडा म्हणते.

खरा उजेड पाडणाऱ्या हेडलाइटची कथा वेगळी आहे. झेनॉन वायूतून वीज जाऊन उजळणारा डिपर 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजमध्ये प्रथम आला. 35 वॅटचा झेनॉन दिवा सुमारे 3200 ल्यूमेन (एकूण उजेडाचे माप) देतो, तर 55 वॅटचा हॅलोजन साधारण 1500. एवढा उजेड चुकीच्या कोनात गेला तर त्रास मोठा, म्हणून युरोपात 2000 ल्यूमेनच्या पुढच्या दिव्यांना कोन आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे आवश्यक ठरले. 2007 च्या लेक्सस एलएस 600एच मध्ये डिपर एलईडीचा झाला. पुढच्याच वर्षी ऑडी आर8 मध्ये सगळेच दिवे एलईडीचे मिळू लागले.

2013 मध्ये सुधारित ऑडी ए8 मॅट्रिक्स दिव्यांसह आली. तिच्या प्रत्येक हेडलाइटमध्ये हाय बीमचे 25 एलईडी होते. गाडीच्या पुढच्या काचेमागचा कॅमेरा समोरची गाडी टिपतो आणि तेवढ्या भागावर पडणारे एलईडी मंदावतो किंवा विझवतो, बाकीचा रस्ता अप्परमध्येच राहतो. म्हणजे ‘अप्पर-डिप्पर’ मारण्याचे काम चालकाच्या हातून गेले. या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी सुधारणा कोणती असे विचारले, तर उत्तर हेच. 2014 च्या बीएमडब्ल्यू आय8 मधला लेझर त्यामानाने कौतुकाचाच अधिक. निळा लेझर फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थावर पडून पांढरा प्रकाश देतो आणि झोत 600 मीटरपर्यंत जातो, पण तो ठरावीक वेगापुढे, अंधाऱ्या मोकळ्या रस्त्यावरच लागतो. मर्सिडीजच्या डिजिटल लाइटमध्ये दर हेडलाइटला 13 लाख सूक्ष्म आरसे असतात. ते रस्त्यावर मार्गरेषा किंवा काम चालू असल्याची खूणही उमटवतात.

बहुतेक कंपन्या यांतले वरचे प्रकार जादा किमतीला किंवा वरच्या व्हेरिअंटमध्ये देतात. रात्री हायवेवर बरीच गाडी चालवणाऱ्याने मॅट्रिक्सवर पैसे टाकावेत. शहरातच फिरणाऱ्याला साध्या एलईडीत फारसे काही कमी पडत नाही. असा आधुनिक हेडलाइट म्हणजे बंद पेटीतला छोटा संगणकच असतो. धडक बसली की बऱ्याचदा अख्खा बदलावा लागतो.

अमेरिकेची गंमत अशी की 1940 पासून 1983 पर्यंत तिथे ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच चालत. 1967 च्या सित्रोएन डीएसचे काचेमागचे, वळणाबरोबर वळणारे दिवे तिथे चालले नाहीत. मॅट्रिक्सच्या बाबतीतही तेच झाले. युरोपात सर्रास मिळणारी ही सोय तिथल्या नियमात फेब्रुवारी 2022 मध्ये बसली.

भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालू राहतात, हा डीआरएलमागच्याच विचाराचा देशी अवतार. मर्सिडीजच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला आणि ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरला जोडल्या जातात. इथल्या गाड्यांचा डिपर डावीकडे अधिक लांब जातो, कारण आपण डावीकडून चालतो. परदेशातून मागवलेला वापरलेला हेडलाइट उजवीकडच्या वाहतुकीसाठी बनलेला असेल, तर त्याचा झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.