हातात पैसे दिले की मूल बिघडतं?

‘पोराच्या हातात पैसे दिले की ते बिघडतं’ असं घरोघरी ऐकू येतं. बिघडवतो तो धरबंध नसलेला पैसा: मागितलं की दिलं, रडलं की जास्त दिलं. ठरलेली रक्कम ठरलेल्या वारी दिली, तर पाच-सहा वर्षांचं मूलही थांबायला शिकतं.

दर रविवारी 20 रुपये पुरेत, तेही 5च्या चार नाण्यांत. 20चं एकच नाणं दिलंत तर पैसे कमी मिळाले असं या वयात वाटू शकतं, कारण लहान मूल किंमत नव्हे, नाणी मोजतं. मातीच्या गल्ल्यापेक्षा पारदर्शक बरणी घ्या. साठत चाललेलं दिसलं पाहिजे. पहिलं खेळणं 60 ते 80 रुपयांचंच निवडा, तीन-चार आठवड्यांत मिळतं. 300ची गाडी ठरवली की पंधरा आठवडे लागतात, मूल कंटाळतं आणि आपण म्हणतो, याला कळतच नाही!

नाशिकच्या मेन रोडला किंवा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराला निघताना पैसे मुलाच्याच खिशात द्या, दुकानदाराला त्यानेच मोजून द्यावेत. मोबाइलने स्कॅन केलं तर पैसे गेलेले त्याला दिसतच नाहीत. 10 रुपये कमी पडले तरी भर घालू नका. आजी-आजोबांनाही हे आधीच सांगून ठेवा, फिसकटतं ते बहुधा इथेच. शिक्षा म्हणून बरणीतले पैसे काढून घेणं मात्र साफ चूक. मग मूल साठवायचंच सोडतं.

दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं 500 रुपयांत उघडता येतं.