पार्श्वभूमी : 'तीन महिन्यांची साखर' आणि साडेसहाची रेषा

मधुमेहाचा रिपोर्ट हातात आला की आज सगळ्यात आधी नजर जाते ती एचबीएवनसीच्या (HbA1c), म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीच्या ओळीवर. पण मधुमेह आहे की नाही, हे ठरवायचा मान या तपासणीला मिळून फार तर पंधरा-सोळा वर्षं झाली आहेत. त्याआधी तिचं काम एकच होतं. ज्याला मधुमेह असल्याचं ठाऊकच आहे, त्याची साखर गेल्या दोन-तीन महिन्यांत आटोक्यात होती का, तेवढं सांगायचं. पुढे तिच्याकडे निदानाचंही काम आलं, आणि आज रिपोर्ट वाचताना होणारे बरेचसे घोळ तिथून सुरू होतात.

एचबीएवनसी येण्याआधीचा काळ लघवीच्या तपासणीचा. बेनेडिक्टचं निळं द्रावण १९०८ सालचं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळी. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी होत होत विटकरी गाळ बसला तर भरपूर साखर. मात्र रक्तातली साखर साधारण १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेल्याशिवाय बहुतेकांच्या लघवीत ती उतरतच नाही, त्यामुळे निळ्या रंगावर विसंबून अनेकांचा आजार वर्षानुवर्षं लपून राहिला असणार. लघवीत बुडवायच्या पट्ट्या १९५६ मध्ये आल्या, रक्ताच्या थेंबाची पट्टी १९६० च्या दशकात, आणि ती पट्टी वाचणारं यंत्र १९७० च्या सुमारास. ते तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं वजनदार खोकं होतं.

एचबीएवनसीचा मधुमेहाशी संबंध लागला तो तेहरानमध्ये, १९६८ च्या आसपास, आणि तोही भलतंच काही शोधताना. तिथला एक डॉक्टर रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे जन्मजात वेगळे प्रकार सापडतात का, ते पाहत होता. मधुमेह असलेल्यांच्या नमुन्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करताना त्याला एक अनोळखी रेघ दिसली. ती निघाली साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर जास्त, तितकी ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते. १९७६ मध्ये अमेरिकेत अवघ्या पाच रुग्णांवर दाखवलं गेलं, की साखर आटोक्यात आणली की काही आठवड्यांत हा आकडाही उतरतो. हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधता शोधता सापडलेली ही तपासणी पुढे त्याच वेगळ्या प्रकारांपाशी अडखळते, ते खाली येईलच.

या आकड्याला वजन आलं ते १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, अशा मधुमेहाच्या) १,४४१ रुग्णांवर दहा वर्षं चाललेल्या चाचणीत ज्यांचा एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवला, त्यांचे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा ९ च्या आसपास राहिलेल्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकल्या. १९९८ मध्ये ब्रिटनमधून टाइप २ बद्दलही (बहुतेक प्रौढांना होणारा मधुमेह) तसाच निष्कर्ष आला. '७ च्या खाली ठेवा' हा सल्ला तिथला. पण तोवर दोन लॅबमध्ये एकाच रक्ताचे आकडे दोन निघत. प्रत्येक यंत्राचा आकडा त्या १९९३ च्या चाचणीशी जुळवून घ्यायचं काम १९९६ नंतर रीतसर सुरू झालं. ब्रिटनने पुढे एकक बदललं, म्हणून लंडनच्या भाच्याच्या रिपोर्टात ५३ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आपल्याकडचे ७ टक्के म्हणजेच ते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे एचबीएवनसीवरून निदान करावं का, याकडे. निदान पूर्वी साखर मोजूनच होई. उपाशीपोटी १४० ही रेषा १९९७ मध्ये १२६ वर आणली गेली आणि काल निरोगी असलेली बरीच माणसं एका बैठकीत मधुमेही ठरली. तरी मोजत होतो साखरच. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने सुचवलं की एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त असेल तर त्यावरून निदान करावं. २०१० मध्ये अमेरिकेत ते स्वीकारलं गेलं, २०११ मध्ये जागतिक पातळीवर. साडेसहा का, तर त्या आकड्याच्या पुढे डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा ठळकपणे वाढताना दिसतात. युक्तिवाद पटण्यासारखा होता. उपाशी यायला नको, ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी पिऊन दोन तास बाकावर बसायला नको, आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणाने आकडा बिघडत नाही.

सोय हा माझ्या मते या निर्णयातला खरा भार होता, आणि ती सोय सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. जागतिक शिफारशीतच दोन अटी होत्या: आकडा ६.५ च्या खाली आला म्हणून साखरेच्या तपासणीतून दिसलेला मधुमेह नाकारता येत नाही, आणि तांबड्या पेशींचा विकार असेल तर ही तपासणी निदानाला वापरू नये. या अटी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात गेल्या. वर ठळक उरलं ते ६.५.

आपल्याकडे या अटी अपवादाच्या नाहीत. प्रजननवयातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी पडलं की पेशी जुन्या होत फिरत राहतात आणि एचबीएवनसी खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की तोच आकडा आहारात काही न बदलता उतरतो, आणि श्रेय जातं मेथीच्या पाण्याला. उलट दिशेचा घोळ विदर्भात आणि नंदुरबारकडे. तिथे सिकलसेलचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच एका जन्मजात वेगळ्या प्रकाराने होणाऱ्या आजाराचे, रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी काही आठवड्यांतच संपतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगायला त्या उरतच नाहीत. वाहकाच्या बाबतीत काही यंत्रं सरळ चुकतात आणि चांगल्या यंत्रावरही तेवढ्याच साखरेला आकडा थोडा कमी येऊ शकतो. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी पद्धतीच्या यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर या वेगळ्या हिमोग्लोबिनचा जादा सुळका तंत्रज्ञाला समोर दिसतो. पण रुग्णाच्या हातात बहुतेकदा नुसता आकडा पडतो. रक्त नुकतंच चढवलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तरी हा आकडा भरवशाचा नाही. अशा वेळी साधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर जास्त खरं बोलते. एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनची ओळ वाचल्याशिवाय रिपोर्ट मिटू नये.

अलीकडच्या रिपोर्टांत 'अंदाजे सरासरी साखर' अशी आणखी एक ओळ असते. २००८ च्या एका अभ्यासातून निघालेल्या सूत्राने ती काढतात: एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ७ टक्क्यांना १५४ येतात. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, नुसता हिशोब असतो. तरी लोक तो उपाशीपोटीच्या ११० शी ताडून लॅबशी भांडतात. दिवसभराची सरासरी उपाशीपोटीच्या आकड्याहून जास्त असणारच.

'जितका कमी तितका चांगला' हा समजही २००८ मध्येच कोसळला. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा हजारांवर टाइप २ रुग्णांच्या चाचणीत ६ च्या खाली उतरवू पाहणारा गट मुदतीआधी थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. म्हणून आज सत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या आजोबांना डॉक्टर साडेसात-आठ चालेल म्हणतात, तो हलगर्जीपणा नसतो.

या सगळ्या गाजावाजात बाकीच्या वार्षिक तपासण्या मागे पडल्या. लघवीतलं थोडंसं अल्ब्युमिन (एक प्रथिन) पुढच्या मूत्रपिंडविकाराची चाहूल देतं, हे १९८० च्या दशकात कळलं. मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी ते दिसतं, तरी रिपोर्टांच्या चळतीत नेमकी हीच तपासणी नसते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी टाइप २ मध्ये निदान झाल्याबरोबर करायची, कारण आजार कळण्याआधी काही वर्षं मुरलेला असतो. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ती झाली असं नाही.

पायांची तपासणी तर कुष्ठरोगाच्या कामातून आली. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया केलेला एक शल्यविशारद १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या कुष्ठरुग्णालयात गेला. बधिर पायाला जखम कशी होते, यावर तिथे पुढे बरंच काम झालं, आणि १९८० च्या दशकात तिथूनच १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा मधुमेहींच्या पायांसाठी प्रमाण ठरला. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर ठरावीक जागी, धागा वाकेल इतकाच, क्षणभर टेकवतात आणि कळलं का विचारतात. दोन-तीन मिनिटांचं काम, ना सुई ना लॅब. फक्त रुग्णाला चपला-मोजे काढायला सांगावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं.